शाळेचे वेळापत्रक – लेखांक ७ : पीटीचा तास

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकावर या विषयाचे नाव 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' असे लिहिलेले असते. वर्गात आणि घरात तो 'पीटी'च असतो. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत हा श्रेणी विषय आहे. दहावीच्या सहाशे गुणांत त्याला जागा नाही, पण गुणपत्रिकेवर त्याची श्रेणी येते, आणि ती मंडळाची परीक्षा नव्हे तर शाळा ठरवते. म्हणजे विषय सक्तीचा, पण टक्केवारीत न धरलेला. पीटीच्या तासाभोवतीच्या बहुतेक कुरबुरींचे मूळ या दुहेरी दर्जात आहे. दिवाळीपर्यंत तास नियमित होतो, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तयारीला जातो आणि जानेवारीत दहावीचा गणिताचा पोर्शन राहिला की गणिताचे सर तो मागून घेतात. परत मिळाल्याचे उदाहरण विरळा.

कायद्याने मात्र या तासाला पाय दिलेले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असणे आवश्यक धरले आहे. सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी निदान अंशकालीन निदेशक नेमावेत, असेही त्यात आहे. माध्यमिक वर्गांवर शिकवणारा शिक्षक साधारणपणे बी.पी.एड. झालेला असतो. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. पुण्याजवळ असल्यामुळे पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या शाळांना असे शिक्षक मिळणे अवघड नाही; महाराष्ट्रीय मंडळासारखी १९२४ पासून व्यायामाचे काम करणारी आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभारणारी संस्था पुण्यातच आहे. शिक्षक मिळतो, अडते ते जागेशी.

या पट्ट्यात पीटीच्या तासाचे नियम पुस्तकापेक्षा मैदान जास्त ठरवते. निगडीचे प्राधिकरण १९७२ नंतर आखून वसवले गेले, त्यामुळे तिथे मदनलाल धिंग्रा मैदानासारखी मोकळी जागा नकाशातच राहिली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या जुन्या कारखान्याच्या वसाहतीला स्वतःचे मैदान होते. याउलट चिखली, तळवडे, मोशी या बाजूला शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या, घरे आधी आली आणि शाळा उरलेल्या जागेत बसली. अशा शाळेचे मैदान म्हणजे बऱ्याचदा दोन इमारतींमधला फरसबंद चौक. इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेले की गावातल्या हायस्कुलांना मैदान असते, पण ते मुरमाचे. जून ते सप्टेंबर तिथे पाय रुततो आणि मार्चनंतर धूळ उठते.

जागा नसलेली शाळा जवळच्या महापालिकेच्या किंवा गावाच्या मैदानावर मुले नेते. मग पहिला नियम रस्त्याचा होतो. वर्ग दोन रांगांत चालतो, पुढे एक आणि मागे एक मोठा माणूस असतो, निघताना आणि परतताना गिनती होते. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेच्या शाळेत हा नियम शोभेचा नाही. कंटेनर आणि कामगारांच्या बस यांच्यामधून साठ मुले पलीकडे न्यायची म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासातली दहा-बारा मिनिटे जाण्यायेण्यातच जातात. जाणत्या मुख्याध्यापकांनी त्यावर साधा तोडगा काढलेला असतो: आठवड्यातले दोन सुटे तास एका दिवशी जोडून घ्यायचे.

तास सुरू होतो तो रांगेने. उंचीप्रमाणे उभे राहणे, हातभर अंतर, हजेरी. आज्ञा मराठी माध्यमाच्या शाळेतही हिंदीत दिल्या जातात: 'दाहिने मुड', 'पीछे मुड', 'कदमताल', 'थम'. ही लष्कराची आणि एनसीसीची भाषा कवायतीबरोबर शाळेत आली आणि तशीच राहिली. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना ती खटकते, पण या पट्ट्यातल्या वर्गात तिचा एक उपयोग होतो. वडिलांची बदली किंवा नवी कंपनी म्हणून नोव्हेंबरात बिहारमधून किंवा लातूरहून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गातले जे सगळे कळते ते बहुधा एवढेच.

पोशाखाचा नियम प्रत्येक शाळा आपापला करते. आठवड्यातून एक-दोन दिवस पीटीचा गणवेश, हाऊसप्रमाणे लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा टी-शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. यामागचे कारण व्यवहाराचे आहे: चामडी बुटाचा गुळगुळीत तळ फरशीवर घसरतो आणि सैल ओढणी किंवा लोंबती साखळी खेळताना अडकते. घड्याळ, कडे, कानातले लोंबते डूल काढून ठेवायचे, नखे कापलेली हवीत, च्युइंगम तोंडात नको. बूट नाहीत म्हणून मूल तासभर बाजूला बसवणे हा मात्र नियमाचा अतिरेक झाला. मुरमावर अनवाणी लंगडी, खो-खो खेळता येतो. पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच खेळला गेला आहे. धावण्याच्या चाचणीला बूट हवेत, मातीतल्या खेळाला त्यांच्यावाचून अडत नाही.

हजेरीनंतर उत्तेजक व्यायाम, मग मुख्य कृती आणि शेवटी शिथिलीकरण, असा तासाचा ठरलेला क्रम आहे. उत्तेजक व्यायाम वगळून थेट धावायला लावले की मांडीचा स्नायू आखडतो, आणि वर्गखोलीत दोन तास बसून आलेल्या मुलाचा तर हमखास. मुख्य कृतीत कवायत, लेझीम, योगासने, सूर्यनमस्कार आणि खेळ येतात. सूर्यनमस्कार शाळेच्या वेळापत्रकात आणण्याचे मोठे श्रेय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना जाते. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. हे औंध सातारा जिल्ह्यातले, सांगवीच्या पुलापलीकडचे नव्हे. खेळाच्या जगात असा घोटाळा या भागात आणखी एक आहे: १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल म्हाळुंगे-बालेवाडीला आहे आणि कारखान्यांचे म्हाळुंगे चाकणजवळ.

खेळ निवडताना मैदानाचे माप आणि वर्गाची संख्या यांचा हिशेब घालावा लागतो. बास्केटबॉलच्या मैदानाला २८ बाय १५ मीटर जागा लागते, चारशे मीटरच्या धावपट्टीला जवळपास १८० बाय ९५. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे आणि महिलांचे १२ बाय ८ चे; ते शाळेच्या चौकातही मावते. फरशीवर कबड्डी खेळवायची नसते, हे वेगळे सांगायला हवे, कारण ती खेळवली जाते. मॅट नसेल तर माती हवी, आणि माती नसेल तर पकड नसलेला खेळ. भोसरीसारख्या कुस्ती-कबड्डीच्या गावात मुलांना पकड घरातूनच येत असते, पण वर्गातला प्रत्येक जण भोसरीचा नसतो.

जागेपेक्षा मोठी अडचण संख्येची. कबड्डीत एका वेळी चौदा जण खेळतात. खो-खोत पाठलाग करणारे नऊ आणि पळणारे तीन असे बारा. साठांच्या वर्गात बाकीचे पंचेचाळीस-पन्नास जण काठावर बसून राहतात, आणि कोण बसणार हे दर आठवड्याला तेच असते. पीटीचा तास आणि शाळेचा संघ यांतला फरक इथे पुसला जातो. संघाचा सराव शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर व्हायचा असतो. तास सगळ्या वर्गाचा असतो. म्हणून चांगला शिक्षक वर्गाचे चार-पाच गट करतो. एक गट खो-खो, दुसरा दोरीवरच्या उड्या, तिसरा चेंडू फेकणे-झेलणे, चौथा लंगडी, आणि दहा मिनिटांनी शिट्टी झाली की गटांची अदलाबदल. लंगडीला साहित्य लागत नाही, जागा थोडी लागते आणि दम मात्र पुरता लागतो. पावसाळ्यात हेच गट वर्गात आणि व्हरांड्यात बसवून आसने, बुद्धिबळ, कॅरम आणि खेळांचे नियम घेतले जातात.

क्षमता मोजण्यासाठी 'खेलो इंडिया' उपक्रमातल्या चाचण्या आता बऱ्याच शाळांत वापरल्या जातात. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी उंची-वजनावरून शरीरभार निर्देशांक, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, तीस सेकंदांत पोटाचे अर्धे उठाव आणि जोर असा तो संच आहे. मुलींसाठी जोर गुडघे टेकून. शंभर मीटरचा घेर असलेल्या चौकात सहाशे मीटर म्हणजे सहा फेऱ्या आणि चोवीस कोपरे. तिथली वेळ मोठ्या धावपट्टीवर धावलेल्या मुलाच्या वेळेशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जूनमधल्या स्वतःच्या वेळेशी फेब्रुवारीतली वेळ ताडून बघावी. चाचणीचा खरा उपयोग तोच. वजनाचा आकडा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

श्रेणी कशावर द्यायची, हे शिक्षकाच्या नोंदींवर अवलंबून असते: उपस्थिती, सहभाग, कौशल्य, झालेली सुधारणा, खिलाडूवृत्ती. जन्मजात चपळ मूल वर्षभर टिवल्याबावल्या करूनही पहिले येईल आणि जड अंगाचे मूल नेटाने सहा फेऱ्या पूर्ण करेल. श्रेणी दुसऱ्याला कमी मिळत असेल तर नोंदवहीत काही तरी चुकते आहे. काही शाळा विद्यार्थ्यांकडून वहीही मागतात. त्यात कबड्डीच्या मैदानाची आकृती, सरळ रेषांनी आणि बहुधा मोठ्या बहिणीच्या हातची. या श्रेणीची आणि दहावीला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांची गल्लत पालक नेहमी करतात. वाढीव गुण ठरावीक पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीसाठी असतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शिफारशीने मंडळाकडे जातो. पीटीच्या तासाला उत्तम श्रेणी मिळाली म्हणून ते मिळत नाहीत.

सूट मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. एक-दोन दिवसांची कुरकुर असेल तर पालकांची चिठ्ठी पुरते. दमा, हृदयविकार, फिट्स, हाड मोडणे यांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि ते वर्षाच्या सुरुवातीलाच शिक्षकाच्या हाती असलेले बरे. मासिक पाळीत मुलीला धावायची सक्ती करू नये आणि तिची इच्छा असेल तर अडवूही नये; कारण चारचौघांत विचारू नये. सूट म्हणजे वर्गात एकटे बसणे नव्हे. मैदानावर पंचगिरी, गुणलेखन, वेळ मोजणे ही कामे असतात. अपंग मुलाला कायमचा गुणलेखक करून टाकणे ही मात्र शाळांची सोयीची सवय आहे. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर युद्धातल्या गोळ्यांनी जायबंदी झालेले सैनिक होते आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. ज्या कंपनीच्या भोंग्यावर निम्मी पिंपरी घड्याळ लावायची, त्याच कंपनीतला हा माणूस. खेळाचे अंतर, चेंडूचा आकार, जाळ्याची उंची बदलून बहुतेक मुलांना खेळात घेता येते.

शिस्तीचा भाग अधिक नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा, म्हणून नववीला उठाबशा चालतात असा अर्थ काढणे हास्यास्पद. मैदानाला दहा चकरा, कोंबडा, भर उन्हात उभे करणे या शिक्षा इतर विषयांचे शिक्षकही पीटीच्या सरांकडे 'पाठवून' देतात, आणि त्यामुळे धावणे हीच शिक्षा आहे अशी मुलांची समजूत होते. व्यायाम शिकवणाऱ्या विषयाचे याहून मोठे नुकसान नाही. उशीर, शिवीगाळ, साहित्याची मोडतोड यांवर नोंद, पालकांची भेट, त्या दिवशीच्या सामन्यातून बाहेर बसवणे हे उपाय पुरतात. शेवटचा तर चकरांपेक्षा जास्त लागतो.

ऊन आणि उपाशी पोट हे या पट्ट्यातले दोन खरे धोके. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दुपारच्या मुलांचा पहिलाच तास पीटीचा आला तर तो ऐन साडेबारा-एकला येतो. सकाळच्या सत्रात आई-वडील दोघेही पहिल्या पाळीला गेलेले, मूल चहा-बिस्किटावर आलेले; रांगेत चक्कर येऊन बसणाऱ्यांत अशांचीच संख्या मोठी. म्हणून तास सुरू होण्याआधी 'कोण काही न खाता आले आहे' हे विचारणे, पाण्याची बाटली मैदानावर आणू देणे, मार्चनंतर जड कृती सावलीत घेणे हे नियमात लिहिलेले असो वा नसो, पाळावे लागते. प्रथमोपचार पेटी मैदानावर हवी, कार्यालयाच्या कुलुपबंद कपाटात नको. डोक्याला मार किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर मुलाला हलवण्याआधी १०८ ला फोन, लगेच पालकांना कळवणे आणि त्याच दिवशी लेखी नोंद.

तासात हेरलेले मूल पुढे शालेय स्पर्धांत जाते. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. त्यांत वयाचा पुरावा आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र याशिवाय मैदानात प्रवेश नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका क्षेत्र या स्पर्धांसाठी स्वतंत्र जिल्हा धरले जाते. त्यामुळे मोशीच्या शाळेचा संघ थेट शहराच्या जिल्हास्तरावर खेळतो, तर इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळीत किंवा चाकणला असलेली शाळा आधी खेड तालुक्यात आणि मग पुणे ग्रामीण जिल्ह्यात खेळते. एकाच कंपनीत एकाच पाळीला असलेल्या दोघांची मुले विभागीय फेरीपर्यंत एकमेकांसमोर येत नाहीत. स्पर्धेच्या दिवशी बुडालेल्या तासांची हजेरी बहुतेक शाळा खेळाडूला देतात, बुडालेला अभ्यास त्याने वर्गमित्राच्या वहीतून उतरवून घ्यायचा असतो, आणि वही कोणाची घ्यायची हे परतीच्या गाडीतच ठरते.