देहान्त शिक्षा आणि लोकमत : इ. स. १७९१ चें एक प्रकरण

देहान्त शिक्षा असावी कीं नसावी, या वादांत दोन्ही पक्ष लोकमताचा दाखला देतात. जुन्या कागदांच्या अभ्यासकांनीं तो जपून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७९१ च्या ऑगस्टांत, पुण्याचा कोतवाल घाशीराम यानें परगांवच्या तेलंगी ब्राह्मणांस कोठडींत कोंडिलें. त्यांतील २० हून अधिक गुदमरून मेले. ब्राह्मणवर्ग खवळून नाना फडणिसांकडे गेला आणि कोतवालाचा प्राण मागूं लागला.

येथें पेंच असा कीं, घाशीराम स्वतः ब्राह्मण. ब्राह्मणास देहदंड नाहीं, हा स्मृतींचा दंडक. पेशवाईंतहि अशा अपराध्यास बहुधा किल्ल्यावर कैदेंत ठेवीत. हा दंडक ज्यांचें कवच, तेच तो मोडा म्हणून अडून बसले! अखेर धिंड काढून घाशीरामास तेलंगांच्या हवालीं केलें व त्यांनीं त्यास दगडांनीं ठार मारिलें. आमच्या मतें ही शिक्षा नव्हे. सरकारनें आपला निवाडा जमावावर सोंपविला. (तेंडुलकरांचें १९७२ चें नाटक हें या कामीं साधन नव्हे, हें सांगणें नकोच.)

उलट, ता. ३ जून १९४९ रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकरांनीं फांशी अजिबात रद्द करण्याचा पक्ष घेतला, तो याच देशांतील लोकांच्या अहिंसेवरील श्रद्धेच्या आधारें.

पेशव्यांचे वकील निजामाच्या दरबारीं असत व पुण्याच्या बातम्या त्यांस जात. औरंगाबाद तेव्हां निजामाकडे होतें. यास्तव वाळूज व त्या बाजूच्या संग्राहकांनीं १७९१ च्या पावसाळ्यांतील पत्रें रुमालांत असल्यास तीं अवश्य पाहावीं.