मठाखालची माती : इवान बोर्कोव्स्की यांचें संशोधनकार्य

चेक देशाची राजधानी प्राग हें शहर व्लतावा नदीच्या दोन्ही कांठांवर वसलेलें आहे. नदीच्या डाव्या तीरावरील टेकडीवर एक विस्तीर्ण किल्ला असून त्याच्या आंत, मुख्य देवालयाच्या मागच्या अंगास, पांढुरक्या दगडाचे दोन मनोरे असलेलें संत जॉर्जचें चर्च उभें आहे. चर्चच्या उत्तरेस लागूनच एक जुना मठ आहे. हा मठ स्त्रियांचा होता, आणि बोहेमियांत स्थापन झालेला तो पहिलाच ख्रिस्ती मठ होय. तेथील अधिपति दुसरा बोलेस्लाव याची बहीण म्लादा हिनें इ. स. ९७३ च्या सुमारास तो स्थापिला व तीच त्याची पहिली अध्यक्षा झाली. पुढें सुमारें आठशें वर्षें हा मठ नांदला. येथील मठाध्यक्षेला राणीच्या राज्याभिषेकांत मान असे. १७८२ सालीं सम्राट दुसरा जोसेफ यानें मठ बंद केला आणि प्रार्थनेच्या जागीं शिपायांची वस्ती आली.

श्रोतेहो, इतक्या जुन्या संस्थेचा आरंभीचा इतिहास आपणांस कोठून कळावयाचा? बोहेमियाचा आद्य बखरकार कॉसमस यानें म्लादेची हकीकत लिहून ठेविली आहे खरी. परंतु त्यानें लेखणी हातीं घेतली ती बाराव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे मठाच्या स्थापनेनंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं. शिवाय बखरकाराचें लक्ष राजे, धर्माधिकारी व लढाया यांच्याकडे. पहिलें चर्च केवढें होतें, संन्यासिनी कोठें राहत, त्यांना कोठें व कोणत्या रीतीनें पुरीत, हें तो सांगत नाहीं. अशा प्रश्नांचें उत्तर जमिनींतूनच काढावें लागतें. ज्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य या कामीं वेंचलें, त्या इवान बोर्कोव्स्की या पुराणवस्तुसंशोधकाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

बोर्कोव्स्की हे जन्मानें चेक नव्हते. १८९७ सालीं पूर्व गॅलिशियांतील एका खेड्यांत त्यांचा जन्म झाला. हा प्रदेश त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होता. आज तो युक्रेनमध्यें आहे. पहिल्या महायुद्धांत ते साम्राज्याच्या सैन्यांत लढले, पुढें युक्रेनच्या स्वातंत्र्यासाठीं लढले, आणि तो लढा फसल्यावर १९२० च्या सुमारास निर्वासित म्हणून नव्यानें जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियांत आले. प्रागच्या विद्यापीठांत त्यांनीं पुराणवस्तुशास्त्राचा अभ्यास केला. १९२५ पासून प्रागच्या किल्ल्यांत पद्धतशीर उत्खनन सुरू झालें होतें. त्या कामावर त्यांची नेमणूक झाली, आणि तेव्हांपासून किल्ल्याची टेकडी हीच त्यांची कर्मभूमि झाली.

येथें उत्खननाचें तत्त्व थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. जमीन कोणी हलविली नसेल तर खालचा थर जुना व वरचा नवा, हा पहिला नियम. भिंतीचा पाया खणतांना एखादी कबर तोडली गेली असेल, तर कबर आधींची व भिंत नंतरची, हा दुसरा. कोळसा व राख यांचा सलग थर लागला आणि त्या जागीं अमुक सालीं आग लागली असें बखरींत लिहिलेलें असलें, म्हणजे त्या थराला तारीख मिळते. ११४२ सालीं किल्ल्याला वेढा पडला असतां संत जॉर्जचा मठ जळाला. पुढें बेर्ता नांवाच्या मठाध्यक्षेनें तो पुन्हा बांधविला. म्हणून त्या आगीची खूण जेथें सांपडते तेथें तिच्या खालचें सारें जुन्या मठाचें, असा निर्णय करतां येतो. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु एकाच टेकडीवर हजार वर्षें बांधकामें चाललीं असतील, तर प्रत्येक गवंड्यानें आधींच्या गवंड्याचें काम फोडलेलें असतें. संशोधकाला जें मिळतें तें फाटलेल्या पानांच्या पोथीसारखें असतें, आणि पान एकदां उचललें कीं तें पुन्हा जागेवर ठेवतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा, खोली व शेजार यांची जागच्या जागीं नोंद करणें हा संशोधकाचा पहिला धर्म होय.

१९२८ च्या उन्हाळ्यांत किल्ल्याच्या तिसऱ्या चौकांत बोर्कोव्स्कींना एक कबर सांपडली. आंत एका योद्ध्याचा सांगाडा होता व त्याच्याजवळ तलवार, कुऱ्हाड, सुऱ्या, विस्तव पाडण्याचें पोलाद आणि एक बादली अशा वस्तु होत्या. हा माणूस कोण? स्लाव वंशाचा, जर्मन वंशाचा, कीं उत्तरेकडून आलेला दर्यावर्दी व्हायकिंग? आज हा प्रश्न आपणांस केवळ पंडितांचा वाटेल. पण १९३९ सालीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें, आणि या प्रश्नाला राजकीय अर्थ आला. बोहेमिया ही मुळांत जर्मनांचीच भूमि, असें सिद्ध करण्याची नाझी सत्तेला घाई झाली होती.

१९४० सालीं बोर्कोव्स्कींनीं मध्य युरोपांतील प्राचीन स्लाव भांड्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हातानें घडविलेलीं, नक्षी नसलेलीं अशीं हीं साधीं मडकीं. परंतु स्लाव लोक या भूमींत आले त्या काळची तीं सर्वांत जुनी खूण आहे, असें त्यांनीं दाखविलें. या भांड्यांना त्यांनीं दिलेलें ‘प्राग पद्धति’ हें नांव आजहि शास्त्रांत रूढ आहे. सत्ताधाऱ्यांना हें रुचणारें नव्हतें. छळछावणीची धमकी देऊन त्यांना तो ग्रंथ मागें घ्यावयास लावलें, आणि योद्ध्याच्या कबरीविषयीं त्यांच्याकडून जें प्रसिद्ध झालें त्यावर नाझी मताची छाप पडली. युद्ध संपलें, परंतु त्यांचें संकट टळलें नाहीं. ते युक्रेनियन निर्वासित व कम्युनिस्टांचे विरोधक म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या नजरेंत भरले. सैबेरियाची वाट त्यांच्यापुढून थोडक्यांत चुकली. १९४६ सालीं त्यांनीं पुन्हा लेख लिहून पूर्वी आपणांवर दडपण आलें होतें असें सांगितलें, आणि तो योद्धा स्लाव असून राज्यकर्त्या प्शेमिस्ल घराण्याशीं संबंधित असावा, असें मत मांडलें.

अशा काळांतहि त्यांचें खणणें थांबलें नाहीं. प्रागच्या उत्तरेस लेव्ही ह्राडेट्स म्हणून एक प्राचीन दुर्गस्थान आहे. बोहेमियाचा पहिला ख्रिस्ती अधिपति बोर्झिवोय यानें आपलें पहिलें चर्च तेथें बांधलें, अशी परंपरा होती. सध्यांच्या चर्चच्या खालीं बोर्कोव्स्कींना एका जुन्या वर्तुळाकार चर्चचा पाया लागला. १९५० सालीं प्रागच्या किल्ल्यांत त्यांना नवव्या शतकाच्या अखेरचें कुमारी मरियेचें चर्च सांपडलें. या चर्चचा उल्लेख ग्रंथांत होता, पण त्याची जागा विस्मृतींत गेली होती.

यानंतर त्यांनीं संत जॉर्जच्या चर्चचें व मठाचें मोठें काम हातीं घेतलें. बेनेडिक्ट पंथाच्या मठाची मांडणी बहुधा ठराविक असते. चर्चला लागून एक चौक, चौकाभोंवतीं ओवऱ्या, आणि ओवऱ्यांच्या मागें सभागृह, भोजनगृह व शयनगृह. मांडणी ठराविक असल्यामुळें कोठें काय शोधावें याचा अंदाज असतो. पण तीच मांडणी मातींत दिसलीच पाहिजे असा मोहहि असतो. चर्च सुमारें ९२० सालचें, मठ त्यानंतर पन्नास वर्षांनीं आलेला, आणि दोहोंवर बाराव्या शतकांतील पुनर्रचनेचे थर. हीं सारीं बांधकामें बोर्कोव्स्कींनीं एकमेकांपासून वेगळीं करण्याचा यत्न केला. चर्चमध्यें राजकुळांतील पुरुषांचीं दफनें होतीं, आणि मठाच्या आवारांत ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत अशा स्त्रियांचीं. दोहोंची नोंद त्यांनीं एकाच बारकाईनें केली. या कामावरचा त्यांचा ग्रंथ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं प्रागमध्यें त्यांचें निधन झालें.

त्यांचें सर्वच म्हणणें टिकलें असें मात्र नाहीं. चर्चच्या बांधकामाचे टप्पे पुढील संशोधकांनीं पुन्हा तपासले व कांहीं ठिकाणीं निराळीं अनुमानें काढलीं. २०१९ सालीं योद्ध्याच्या कबरीचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाच्या दातांत बालपणींच्या अन्नपाण्यावाटे त्या भूमीच्या खडकांची खूण उतरते. ती रसायनशास्त्रानें वाचतां येते. तीवरून असें दिसलें कीं हा मनुष्य बोहेमियांत वाढलेला नव्हता, तो उत्तरेकडून, बहुधा बाल्टिक समुद्राच्या बाजूनें, आलेला असावा. पण तेवढ्यानें नाझींचें म्हणणें खरें ठरलें असें मुळींच नाहीं. त्याची तलवार व्हायकिंग, फ्रँक आणि स्लाव या सर्वांच्याच वापरांतील जातीची होती. दूरचा मनुष्य स्लाव अधिपतीच्या पदरीं राहून तेथेंच मरावा, यांत त्या काळीं नवल नव्हतें. एका वंशाचें नांव देऊन त्याला दुसऱ्यापासून तोडणें हा आपल्याच काळाचा आग्रह होता.

श्रोतेहो, हा नवा निर्णय शक्य झाला तो कशामुळें? सांगाडा व वस्तु जतन झाल्या, आणि उत्खननाची नोंद राहिली, म्हणून. बोर्कोव्स्कींचें अनुमान एकदां धमकीखालीं वांकलें, दुसऱ्यांदा त्यांच्या स्वतःच्या निष्ठेच्या बाजूला कललें. पण कबरीची जागा, तिची खोली व वस्तूंचा शेजार कोणत्याहि सत्तेच्या सोयीसाठीं बदलला गेला नाहीं, आणि म्हणूनच नव्वद वर्षांनंतरच्या अभ्यासकांना तो प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारतां आला.

प्रागच्या किल्ल्यांत गेलेला प्रवासी दुसऱ्या चौकांतून चौथ्या चौकाकडे जातांना भिंतीच्या काचेआड कुमारी मरियेच्या चर्चचे अवशेष पाहूं शकतो. दगडांच्या एकदोन ओळी, एवढेंच तेथें दिसतें. ज्याला स्वतःच्या जन्मभूमीला परत जातां आलें नाहीं, अशा एका निर्वासितानें दुसऱ्या देशाच्या इतिहासाचा पाया उकरून त्या देशाच्या हातीं दिला, हें मात्र त्या ओळींजवळ क्षणभर थांबून आठवावें.