वैनगंगेच्या खोऱ्यांतील धानशेतीची जलव्यवस्था : संशोधनलेख सिद्ध करण्याविषयीं कांहीं विचार

अमुक तलाव कोणीं बांधला, हा प्रश्न आमच्या संशोधकांस फार प्रिय आहे. त्याचें उत्तर शिलालेखांत सांपडतें, दंतकथेंत सांपडतें, आणि नाहींच सांपडलें तर तर्कानें बसवितां येतें. परंतु तोच तलाव फुटल्यावर त्याची पाळ कोणीं पुन्हां उभी केली, व पाऊस ओढल्यावर त्यांतील पाणी प्रथम कोणाच्या बांधींत गेलें, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आमच्या मतें भातशेतीच्या इतिहासाचा जीव या दुसऱ्या प्रश्नांत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील कांहीं तरुण अभ्यासक आपापल्या गांवच्या तलावांविषयीं लिहूं इच्छितात व साधनें कोणतीं पाहावींत असें विचारतात. त्यांच्या उपयोगासाठीं, आणि आमच्या हातून घडलेला एक प्रमाद त्यांच्या हातून घडूं नये म्हणून, हा लेख लिहीत आहों.

तो प्रमाद प्रथम सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. अध्यापनाचें काम सुटल्यावर आम्हीं एका गांवच्या तलावाविषयीं लेख तयार केला. संस्कृत ग्रंथ पाहिले होते, छापील अहवाल चाळले होते, आणि तलावाखालील जमिनीची नोंद हातीं आली होती. त्यावरून आम्हीं असा सिद्धांत मांडला कीं, तलावामुळें या गांवची पेरणी पावसाच्या अधीन नव्हती. मृगाची वाट न पाहतां पाणी सोडून पऱ्हे टाकतां येत असत, आणि म्हणूनच गांवचा वसूल स्थिर राहिला. लेख पाठविण्यापूर्वीं तो आम्हीं त्या गांवीं एका वृद्ध पाणकरास वाचून दाखविला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “गुरुजी, मिरगात तलाव सोताच तहानलेला रायते, तो दुसऱ्याले का पाजल?” एवढ्या एका वाक्यानें आमचा सारा सिद्धांत कोसळला. उन्हाळ्यांत जो तलाव आटतो व ज्याच्या पोटांत लोक गाळपेर करतात, तो मृगांत पाणी देणार कोठून? तो पावसाळ्यांत भरतो, आणि श्रावणांत रोवणा सुकूं लागला किंवा आश्विनांत दाणा भरण्याच्या वेळीं पाऊस दगा देऊं लागला म्हणजे उपयोगीं पडतो. तलाव हा पावसाचा प्रतिनिधि नव्हे. तो पावसाची उणीव भरून काढणारा जामीनदार आहे. ही गोष्ट गांवांतील कोणाहि शेतकऱ्यास ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती आम्हांलाच.

(१) विषयाची मर्यादा

‘भातशेती व जलव्यवस्था’ हा एका लेखाचा विषय नव्हे. भात जेथें जेथें होतो तेथें तेथें पाण्याचा प्रश्न निराळा असतो. कोंकणांतील खारजमिनींत मुख्य चिंता समुद्राचें खारें पाणी बाहेर ठेवण्याची, आणि पावसाचें अतिरिक्त पाणी काढून देण्याची. गोव्यांतील खाजणांचीहि तीच कथा. वैनगंगेच्या खोऱ्यांत पाऊस सरासरीनें सुमारें ५० इंच पडतो, म्हणजे तो थोडा नव्हे. पण तो कांहीं आठवड्यांत कोसळतो व ऐन हस्त-चित्रांत मागें फिरतो. येथें चिंता पाणी अडवून ठेवण्याची आहे. एका प्रदेशाचीं अनुमानें दुसऱ्यास लावलीं कीं अनर्थ ओढवतो. म्हणून अभ्यासकानें एक गांव, एक तलाव व एकच प्रश्न घ्यावा. आमची सूचना अशी कीं, तो प्रश्न पुढील शब्दांत मांडावा : या तलावाचें पाणी तुटीच्या वर्षीं कोणत्या नियमानें वांटलें जाई, व पाळीची दुरुस्ती कोणाच्या खर्चानें होई?

(२) ग्रंथांची साक्ष

संस्कृत ग्रंथांविषयीं आमचा पक्षपात आहे, तो आम्ही लपवीत नाहीं. पाणिनीनें व्रीहीच्या शेतास ‘व्रैहेय’ आणि शालीच्या शेतास ‘शालेय’ अशीं निरनिराळीं रूपें सिद्ध केलीं आहेत. साठ दिवसांत पिकणाऱ्या ‘षष्टिका’ची नोंदहि त्यानें घेतली आहे. आमचें ‘साठी’ भात तें हेंच. यावरून हलक्या व भारी धानांचा भेद प्राचीन आहे, इतकें निश्चित म्हणतां येतें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत पाण्याच्या करांचे दर पाणी उचलण्याच्या रीतीवरून ठरविले आहेत : हातानें काढलेल्या पाण्याबद्दल पांचवा भाग, खांद्यावरून आणलेल्याबद्दल चौथा, प्रवाहावरील यंत्रानें चढविलेल्याबद्दल तिसरा, आणि नदी, तलाव, विहीर यांच्या पाण्याबद्दल चौथा. याहूनहि महत्त्वाचीं वचनें त्याच ग्रंथाच्या व्यवहारविषयक अधिकरणांत आहेत. नवा तलाव बांधणारास पांच वर्षांची सूट, मोडून पडलेला पुन्हां उभारणारास चार वर्षांची, व झाडाझुडपांनीं भरलेला साफ करणारास तीन वर्षांची. आणि आपत्तीवांचून पांच वर्षें ज्या तलावाचें काम बंद राहील, त्यावरील मालकीच नष्ट व्हावी असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे स्वामित्व हें दुरुस्तीला बांधलेलें होतें.

‘कृषिपराशर’ या ग्रंथाची आवृत्ति १९६० सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें काढली. भाद्रपदांत धानांतील पाणी काढून मुळाशीं तेवढें ठेवावें, व आश्विन-कार्तिकांत पाण्याचें रक्षण करावें, असा त्यांतील उपदेश आहे. तो आमच्या पाणकराच्या म्हणण्याशीं किती जुळतो हें वाचकांनींच पाहावें. मात्र ग्रंथ काय करावें तें सांगतो. अमक्या गांवीं तसें केलें गेलें, हें तो सांगत नाहीं. ग्रंथावरून प्रश्न घ्यावे, उत्तरें घेऊं नयेत.

(३) शिलालेख व कागद

वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील वाकाटक देवसेनाच्या काळच्या शिलालेखांत सुदर्शन नांवाच्या तलावाचा उल्लेख आहे, शक ३८० (इ. स. ४५८) हा त्याचा काल. विदर्भांतील तलावांच्या इतिहासास हा एक पक्का खुंटा आहे. त्याच नांवाच्या गिरनारच्या तलावाची कथा अधिक बोधप्रद आहे. शक ७२ मध्यें वादळी पावसानें तो फुटला, ४२० हात लांबीचें भगदाड पडलें, आणि रुद्रदाम्याच्या अमात्यांनींच दुरुस्तीस प्रतिकूल मत दिलें. लोक निराश झाले असतां सुविशाख या अधिकाऱ्यानें बांध पुन्हां उभा केला, आणि प्रजेवर जादा कर किंवा वेठ न लादतां तें काम झालें असें लेख अभिमानानें सांगतो. यावरून एक गोष्ट ध्यानीं यावी : लेख कोरला जातो तो तलाव बांधल्यावर किंवा फुटल्यावर. मधल्या शेंकडों शांत वर्षांची साक्ष दगडावर नसते.

ती कागदांत शोधावी लागते. मध्यप्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जे बंदोबस्त झाले त्यांचे अहवाल छापलेले आहेत. लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा १८६९ चा अहवाल व रसेल यांचें भंडारा जिल्ह्याचें १९०८ चें गॅझेटियर हीं प्रथम वाचावीं. त्यानंतर गांवचा नकाशा, खसरा व वाजिब-उल-अर्ज पाहावा. या शेवटच्या कागदांत गांवच्या रूढि नमूद असतात. पण तो लिहितांना मालगुजाराचा आवाज मोठा असणें स्वाभाविक होतें. कुळाचें म्हणणें त्यांत मिळालें नाहीं, तर तें नव्हतेंच असें समजूं नये. उलट, पाण्याच्या तंट्याचे कागद मिळाले तर ते सोन्याच्या मोलाचे समजावे. कारण जो नियम सर्वांस मान्य असतो तो कोणी लिहीत नाहीं, तो मोडला म्हणजेच लेखणीला येतो.

कालगणनेची एक खोंच येथें सांगून ठेवतों. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असेल तर त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यानें इसवी सन निघतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा सन मृगास बदलतो, याचा शेतीच्या कागदांवर होणारा परिणाम बहुधा विसरला जातो. रोहिणींत पाळीवर माती टाकल्याची नोंद एका सनांत पडते, आणि लगेच पंधरवड्यानें झालेल्या पेरणीची दुसऱ्या सनांत. घाईनें वाचणारा म्हणेल, दुरुस्ती एका वर्षीं व पेरणी पुढील वर्षीं. वस्तुतः तें एकाच हंगामाचें काम असतें.

(४) भूमीची व शब्दांची साक्ष

कागद वाचून झाले कीं पायांनीं वाचावें. पाळीवरून चालावें, तुडुम कोठें आहे, सांडवा कोणत्या बाजूस आहे, पाट कोणत्या उतारानें जातो तें पाहून नकाशाशीं ताडावें. वरच्या बोडीचा सांडवा खालच्या तलावांत पडतो काय, हें विशेषेंकरून पाहावें. अनेक ठिकाणीं तलाव एकटा नसून सांखळीचा दुवा असतो, व वरचा फुटला कीं खालचाहि जातो. मग बांध्यांची नांवें व प्रती विचाराव्या. वरचढ जमिनीस टेकरा, सपाट जमिनीस समान, व आजूबाजूचें पाणी ज्यांत उतरतें त्या सखल जमिनीस झिलान, ही वर्गवारी सरकारी कागदांतहि आली आहे. टेकऱ्यावर हलकें धान, झिलानांत भारी धान, ही निवड म्हणजेच पाण्याची वांटणी. ती पाट खणण्यापूर्वींच बी निवडतांना झालेली असते. आवत्या टाकला कीं रोवणा केला, हाहि प्रश्न पाण्याचाच आहे. कारण रोवण्यास चिखलणीपुरतें पाणी एका ठराविक वेळीं हवेंच.

दंतकथांस हंसूं नये, व त्यांवर विसंबूंहि नये. नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरा आहे. तलाव बांधणारास त्याखालीं भिजेल तितकी जमीन द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा नियम होता, असेंहि सांगतात. हा नियम शब्दशः खरा असो वा नसो, त्यांत एक मर्म आहे : बांधणाराचें हित खालच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोंचण्यांत होतें.

(५) गणिताची साक्ष

अमुक तलावाखालीं इतकी जमीन भिजे, हें विधान तपासल्यावांचून लिहूं नये. समजा, तलावाचा विस्तार २० एकर व सरासरी खोली ६ फूट; म्हणजे १२० एकर-फूट पाणी. ऊन, झिरप व तुडुमाखालीं राहणारें पाणी यांसाठीं तिसरा हिस्सा वजा घातला तर उरलें ८०. एका पाळीस शेतांत ४ इंच पाणी द्यावयाचें असेल तर तें २४० एकरांस एकदां, किंवा ८० एकरांस तीनदां पुरेल. जुना कागद २४० एकर भिजत असें म्हणत असेल, तर तो खोटा नाहीं. पण तें एका पाण्याचें बोलणें आहे. तीन पाण्यांची गरज पडलेल्या वर्षीं उरलेल्या १६० एकरांचें काय झालें? हाच तो प्रश्न, ज्याचें उत्तर लेखांत यावयास हवें. उत्पन्नाच्या खंडीविषयींहि सावध राहावें. खंडी हें माप गांवोगांव बदलतें, आणि धान व तांदूळ यांची गल्लत झाली कीं सर्व हिशेब व्यर्थ होतो.

(६) उपसंहार

लेख १९५० च्या अलीकडे आणावा, ही आमची शेवटची सूचना. त्या सालच्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. मालगुजारीच्या अन्यायांचें समर्थन करण्याचें आमच्या मनांत नाहीं. कुळें स्वतंत्र झालीं हें न्याय्यच झालें. परंतु पाळीवर माती कोणीं टाकावी, हा प्रश्न मालकीबरोबर आपोआप सुटला नाहीं. हे सहा हजारांहून अधिक तलाव आज ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपानें ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात. त्यांतील कित्येक गाळानें भरले. कौटिल्यानें स्वामित्व व दुरुस्ती यांची जी गांठ मारली होती, ती येथें सुटली काय, व सुटली तर तिच्या जागीं काय आलें, हें गांवोगांवच्या पुराव्यानें ठरवावयाचें आहे. तें दुरून लिहिलेल्या लेखानें ठरणार नाहीं.

ग्रंथ टिकतील, कागदहि पुष्कळसे टिकतील. पण तुडुम उघडण्याची पाळी कशी लागे, हें स्वतः पाहिलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. ज्या पाणकरानें आमचा लेख मोडला, तो आज हयात नाहीं. आम्हीं त्यास आमची चूक विचारली. त्याला ठाऊक असलेलें बाकीचें सर्व विचारावयाचें राहून गेलें. म्हणून तरुण अभ्यासकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, साधनांचा क्रम पुस्तकांत कसाहि दिलेला असो, प्रथम माणसाकडे जा; दप्तर वाट पाहील.