नर्सबाई आल्या दारी!



आधी एक कोडं घालते. ती शिक्षिका नाही, पण शिकवते. पोस्टमन नाही, पण दारोदार फिरते. तिच्याजवळ ताणकाटा असतो, पण ती दुकानदार नाही. तिच्या वहीत गावातल्या सगळ्या तान्ह्या बाळांची नावं असतात, आणि तरी ती कुणाची मावशी नाही की आत्या नाही. ओळखा पाहू कोण?

काहींनी लगेच हात वर केला असेल. "बाई, ती इंजेक्शनवाली!" अगदी बरोबर. आपल्या नर्सबाई! कुणी त्यांना सिस्टर म्हणतं, कुणी नर्सताई. सरकारी कागदावर त्यांचं नाव आहे आरोग्यसेविका, किंवा ए.एन.एम. पण त्यांना नुसतं 'इंजेक्शनवाली' म्हणणं म्हणजे आईला नुसतं 'पोळ्या करणारी' म्हणण्यासारखं आहे. इंजेक्शन हे त्यांच्या कामातलं एक लहानसं काम. बाकीची कामं कोणती? चला, आज त्यांच्याबरोबर फिरूनच येऊ.

हजार घरं, दोन पाय

खेड्यात आरोग्याची व्यवस्था एखाद्या झाडासारखी असते. तालुक्याला मोठं रुग्णालय, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याच्याही खाली, अगदी मुळाशी, उपकेंद्र. नर्सबाई असतात त्या उपकेंद्रात. सपाट प्रदेशात साधारण ५००० लोकांमागे एक उपकेंद्र असावं, आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक, असा नियम आहे.

आता जरा गणित करू. एका घरात पाच माणसं धरली, तर ५००० माणसांची घरं किती? बरोबर, हजार! रोज वीस घरं पाहिली, तरी एक फेरी पुरी व्हायला पन्नास दिवस लागतील. त्यात पाऊस, ओढा, वस्त्या लांबलांब. म्हणून नर्सबाईंच्या जोडीला आशाताई आणि अंगणवाडीताई असतात. आशाताई त्याच गावात राहणाऱ्या. कोणाच्या घरी पाळणा हलणार, कोणाचा खोकला थांबत नाही, हे त्यांना आधी कळतं. त्या नर्सबाईंना सांगतात. गरज पडली तर नर्सबाई पुढे डॉक्टरांकडे पाठवतात. निरोपाची ही साखळी कुठे तुटली, की माणूस उपचाराविना राहतो.

लिव्हरपूलची गोष्ट

नर्स दवाखान्यात असते हे सगळ्यांना माहीत आहे. ती घरी जाते, ही कल्पना कुठून आली? त्याची एक छान गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे विल्यम रॅथबोन नावाचे श्रीमंत व्यापारी राहत. १८५९ साली त्यांची पत्नी आजारी पडून वारली. शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने तिची घरीच शुश्रूषा केली होती. रॅथबोन यांच्या मनात आलं, आपल्या घरी पैसा आहे, तरी नर्सचा एवढा आधार वाटला. मग ज्यांच्या घरी काहीच नाही, त्यांचं काय होत असेल?

त्यांनी मेरीला विनंती केली, "तीन महिने गरीब वस्तीत जाऊन घरोघरच्या आजाऱ्यांची सेवा कर. पगार मी देईन." मेरी गेली. पण महिनाभरातच ती रडवेली होऊन परत आली. तिथलं दुःख तिला बघवेना. रॅथबोन यांनी तिला धीर दिला. ती पुन्हा गेली. आणि तीन महिने संपले तेव्हा तिनेच सांगितलं की आता हे काम मी सोडणार नाही! इंग्लंडमध्ये घरोघर जाणाऱ्या नर्सेसची परंपरा इथून सुरू झाली असं मानतात. पुढे अशा नर्सेस तयार करायच्या म्हणून रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि लिव्हरपूलमध्ये शाळाही काढली. नाइटिंगेल यांचा वाढदिवस, १२ मे, हा आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आणि आपल्याकडे? आपल्या सावित्रीबाई फुले काही नर्स नव्हत्या. पण १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्या रोग्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंत यांच्या, दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आजाऱ्याने आपल्यापर्यंत यायची वाट न बघता आपणच त्याच्यापर्यंत जायचं, हे त्यांनी करून दाखवलं.

आधी बाळ, मग खोकला

आता नर्सबाईंची पिशवी पाहू. त्या घरात आल्या की पिशवी थेट जमिनीवर ठेवायची नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर पिशवी. मग साबणाने हात धुवायचे, आणि त्यानंतरच पिशवीत हात घालायचा. काम झालं की पुन्हा हात धुवायचे. एवढं कशासाठी? एका घरातले जंतू पिशवीबरोबर पुढच्या घरी जाऊ नयेत म्हणून!

एक प्रश्न विचारते. आज नर्सबाईंना तीन घरी जायचं आहे. एका घरी क्षयरोगाचे आजोबा आहेत, दुसऱ्या घरी पाच दिवसांचं बाळ आहे, तिसऱ्या घरी एका काकूंचा रक्तदाब मोजायचा आहे. त्या आधी कुठे जातील?

आधी बाळाकडे, मग काकूंकडे आणि सर्वांत शेवटी आजोबांकडे. जो सर्वांत नाजूक, त्याच्याकडे सर्वांत आधी. ज्याच्यापासून लागण होऊ शकते, त्याच्याकडे शेवटी. यात आजोबांचा अपमान नाही बरं का. त्यांच्या औषधांची चौकशीही तितक्याच मायेने होते.

बाटलीवरचा चौकोन

लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई एक छोटा डबा आणतात. त्यात लशी असतात आणि चारी बाजूंनी बर्फाचे पॅक. लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढा गारवा लागतो. कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या दंडापर्यंत हा गारवा टिकवावा लागतो. याला म्हणतात शीतसाखळी. काही लशी उष्णतेने बिघडतात, तर काही गोठल्या तरी निकामी होतात.

मग लस चांगली आहे हे ओळखायचं कसं? बाटलीवर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, की ती बाटली बाद! पुढच्या वेळी नर्सबाईंना विचारा, "ताई, चौकोन दाखवता का?" तुम्हाला हे माहीत आहे म्हणून त्या खूश होतील. तुमच्या शाळेतही दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस मिळते. तेव्हा डोळे मिटून घेण्याआधी तो चौकोन बघून घ्या!

लाल मण्याची गोष्ट

मुलांनो, माणसाच्या आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस कोणते? परीक्षेचे? नाही! जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस. बाळ इवलंसं असतं. थंडी वाजते असं त्याला सांगता येत नाही, छाती दुखते हेही सांगता येत नाही. आणि त्याचा आजार काही तासांत वाढतो.

बाळाला न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाने एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेतले, तर ती धोक्याची घंटा. पण ज्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांनी काय करायचं? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने यावर एक गमतीदार साधन काढलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनियाचा धोका! आहे की नाही सोपं?

पुढे या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, श्वास मोजत, बाळाला ऊबदार ठेवायला शिकवत आणि गरज पडली तर औषधही देत. या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावांच्या मानाने, ६० टक्क्यांहून अधिक घटले होते! २०११ पासून देशभर आशाताई अशा गृहभेटी देऊ लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी भेटी. घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट आणखी. बाळात काही वावगं दिसलं की त्या नर्सबाईंना आणि दवाखान्याला कळवतात.

दार बंद असेल तर?

आता एक जरा गंभीर गोष्ट. नर्सबाई उन्हातान्हातून चालत येतात आणि दार उघडतच नाही, असंही होतं. कोणी म्हणतं, बाळाला नजर लागेल, बाहेरच्याला दाखवू नका. कोणी म्हणतं, मागच्या लशीनंतर ताप आला होता, आता नको. कोणी महिनाभर खोकतं, पण गावात बोभाटा होईल म्हणून लपवतं.

या माणसांना वेडं म्हणू नका. त्यांना भीती वाटते. आणि भीती ओरडण्याने जात नाही, समजावल्याने जाते. नर्सबाई म्हणूनच ओट्यावर बसतात, चहा घेतात, आजीची गुडघेदुखी आधी ऐकतात, मग बाळाचा विषय काढतात. लशीनंतर थोडा ताप येऊ शकतो, तो एकदोन दिवसांत उतरतो, हे त्या शांतपणे सांगतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला हवी, क्षयरोग औषधांनी बरा होतो, हेही सांगतात. औषध मध्येच सोडलं तर मात्र रोग पुन्हा उसळतो आणि जास्त हट्टी होतो.

दारं उघडली तर काय होतं ते बघा. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ज्या घरातल्या सगळ्या बाळांनी डोस घेतला, त्या दारावर खडूने 'पी' लिहायचे. जिथे एखादं बाळ राहिलं तिथे फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, पुन्हा समजवायचं. असं करत करत देशातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२० साली करोनाच्या वेळी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हीच मंडळी ताप आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरली. तेव्हा आपण सगळे घरात बसलो होतो, त्या मात्र बाहेर होत्या.

आजोबांची कूस

घरची शुश्रूषा फक्त बाळांची नसते. एखादे आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात. एकाच कुशीवर पडून राहिले की कातडीला जखमा होतात. नर्सबाई घरच्यांना शिकवतात की दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती ठेवू नका, पाठ कोरडी ठेवा. केरळात कोझिकोडे इथे १९९३ साली असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी एक संस्था सुरू झाली. तिथून पुढे गावोगावचे शेजारीपाजारी आणि नर्सेस मिळून अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागले. आजार बरा होत नसला तरी वेदना कमी करता येते, आणि माणसाला एकटं न पडू देणं तर आपल्या हातातच असतं.

तुम्ही एवढं करा

"आम्ही तर लहान, आम्ही काय करणार?" असं म्हणू नका. ही घ्या यादी.

१. घरात तान्हं बाळ असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला घेऊ नका. नाळेला हळद, तेल, राख काही लावू देऊ नका.

२. बाळ शांत असताना घड्याळ लावून पुरं एक मिनिट त्याचे श्वास मोजा. पोट वर गेलं, खाली आलं, की एक. श्वास ६० किंवा जास्त भरले, तर मोठ्यांना सांगून पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, किंवा बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा गरम लागलं, तर लगेच दवाखाना.

३. जुलाब झाले तर ओ.आर.एस.चं पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. अर्धं पाकीट, अर्धा तांब्या असा अंदाज नको. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या.

४. घरातलं लसीकरणाचं कार्ड कुठे आहे ते शोधा. कोणती तारीख राहिली आहे ते वाचून आईला सांगा.

५. नर्सबाईंनी विचारलं तर खरं ते सांगा. लपवलेला आजार मोठा होतो.

पालकांनाही एक विनंती. "गप्प बस, नाहीतर सुई टोचायला सांगेन" असं मुलांना म्हणू नका. ज्या बाईची भीती घातली, तिच्याजवळ मूल आपलं दुखणं कसं सांगेल?

आणि हा तुमचा गृहपाठ. आपल्या भागातल्या नर्सबाईंचं आणि आशाताईंचं नाव विचारून घ्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली रुग्णवाहिकेचे दोन क्रमांक लिहा, गरोदर माता आणि बाळांसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८. तो कागद घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याला दिसेल एवढ्या उंचीवर चिकटवा. रात्री-अपरात्री तोच वाचून दाखवायची वेळ येऊ शकते!