जुनी उंची मोटार घरीं आणल्यावर

ज्याचें आयुष्य प्राथमिक शाळेंतील मुलांना सृष्टिज्ञान शिकविण्यांत गेलें, अशा मॅट्रिक झालेल्या मास्तरानें उंची मोटारीवर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु गेल्या उन्हाळ्यांत एक प्रसंग असा घडला कीं, त्यानंतर या विषयाचा मीं जमेल तितका अभ्यास केला.

माझ्या पुतण्यानें सात वर्षें वापरलेली एक परदेशी बनावटीची मोटार घेतली. नवी असतांना जिची किंमत चाळीस लाखांच्या घरांत, ती अकरा लाखांस मिळाली, म्हणून घरांत पेढे वांटले गेले. पुढच्याच आठवड्यांत आम्ही पांचगणीस गेलों. परततांना पसरणीचा घाट उतरूं लागलों. पुतण्याचा पाय सारखा ब्रेकवर होता. घाट निम्मा उतरतों न उतरतों तोंच ब्रेकचें पायतळ मऊ पडून थेट खालीं गेलें. मागें त्याच्या दोन मुली झोंपल्या होत्या. त्यानें प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्यें घातली, वेग मोडला आणि डोंगराच्या बाजूस ती कशीबशी उभी केली. अर्ध्या तासानें पाहतों, तों ब्रेक पूर्ववत् लागूं लागला होता! वाईच्या मिस्त्र्यानें झांकण काढून आंतील तेल दाखविलें. तें चहासारखें काळपट झालें होतें.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. ‘डॉट ४’ या जातीचें ताजें तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, असें प्रमाण आहे. त्यांत सुमारें ३.७ टक्के पाणी मिसळलें कीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत ब्रेक सतत दाबल्यानें तो तापतो, तेल उकळतें आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून आपला पाय खालीं जातो, पण चाकास जोर पोंचत नाहीं. निवल्यावर वाफ विरते आणि दोष झांकला जातो. यास उपाय दोन : दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें आणि घाट उतरतांना खालच्या गिअरचा आधार घ्यावा. तेल बदलण्याचा खर्च गाडीच्या किंमतीपुढें नगण्य आहे.

यांतून पहिला धडा हा कीं, जुन्या मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. अकरा लाखांची गाडी दुरुस्ती मागते ती चाळीस लाखांच्या गाडीची. म्हणून खरेदीच्या वेळींच किंमतीचा दहावा हिस्सा तरी बाजूस ठेवावा, असें माझें मत आहे.

दुसरा धडा : ज्या कामाची पावती नाहीं, तें काम झालेंच नाहीं असें समजावें. प्रथम इंजिनचें तेल व त्याची गाळणी बदलावी. कंपनीच्या पुस्तिकेंत जो तेलाचा प्रकार नेमून दिलेला असेल, तोच वापरावा. डब्यावरील केवळ दाटपणाचा आंकडा पाहून भागत नाहीं. आपल्याकडील धूळ आणि रहदारी पाहतां, पुस्तिकेनें लांबची मुदत दिली असली तरी वर्षांतून एकदां तेल बदलणें हिताचें. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टांकींत नळाचें पाणी ओतूं नये. त्यांतील क्षार आंत थर धरतात. नेमलेला द्रव शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याशीं मिसळून घालावा. इंजिन तापलेलें असतांना झांकण कदापि उघडूं नये. आंत दाब असतो, आणि दाब सुटतांच उकळतें पाणी अंगावर उसळतें.

स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल जन्मभर पुरतें, असें विक्रेते सांगतात. परंतु असे गिअरबॉक्स बनविणारी झेड. एफ. ही जर्मन कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तें बदलावें, अशी शिफारस करते. तेव्हां कोणाचें ऐकावें, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

टायरवरील नक्षी शाबूत दिसली, तरी रबर वयानें म्हातारें होतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला, असें समजावें. हवेचा दाब टायर थंड असतांना मोजावा. योग्य आंकडा बहुधा दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. पुष्कळशा उंची गाड्यांत जादा चाक नसतें, हें प्रवासापूर्वींच पाहून ठेवावें.

आणखी एक गोष्ट विशेषतः आपल्या पावसाळ्यासाठीं. छतास उघडती कांच असेल, तर तिच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानांनीं व धुळीनें त्या तुंबल्या, तर पाणी गालिच्याखालीं उतरतें आणि तेथील विजेच्या जोडण्या बिघडवितें. मृगापूर्वीं त्या साफ करून घ्याव्या.

शेवटीं शाळेची जुनी संवय सांगतों. माझ्या पुतण्यानें आतां गाडींत एक साधी वही ठेविली आहे. तारीख, किलोमीटर, केलेलें काम आणि पुढची मुदत, असे तींत चार रकाने आहेत. पहिल्या ओळींत ब्रेकच्या तेलाची नोंद त्याच्या थोरल्या मुलीनें आपल्या हस्ताक्षरांत केली आहे. त्या दिवशीं घाटांत ती झोंपली होती, याचें मला अजून समाधान वाटतें.