टाळ्या कुणासाठी?

१३ जुलै २००२ हा दिवस क्रिकेट पाहणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात असेल. लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेचा अंतिम सामना. जिंकायला ३२६ धावा हव्या होत्या आणि १४६ धावांवर आपला निम्मा संघ तंबूत परतला होता. मग युवराज आणि कैफ यांनी सामना ओढून आणला, आणि सौरव गांगुलीने बाल्कनीत अंगातला शर्ट काढून गरागरा फिरवला. ते चित्र मनावर इतकं ठसलं की हरलेल्या कर्णधाराकडे आपलं फारसं लक्षच गेलं नाही. त्याने त्या दिवशी ११५ धावा काढल्या होत्या. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं ते एकमेव शतक. त्याचं नाव नासिर हुसेन, आणि जन्मगाव मद्रास.

वडील मद्रासचे, क्रिकेटवेडे. आई इंग्रज. नासिर लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला गेलं आणि वडिलांनी लंडनजवळ इलफर्डला क्रिकेटचं प्रशिक्षण केंद्र चालवलं. तिथे घडलेला मुलगा १९९९ साली इंग्लंडचा कर्णधार झाला. आणि त्या दिवशी लॉर्ड्सच्या प्रेक्षागारात काय होतं? तिरंगेच तिरंगे. ते फडकवणारे बरेचसे प्रेक्षक इंग्लंडमध्येच राहणारे, कित्येक तर तिथेच जन्मलेले. मद्रासला जन्मलेला माणूस इंग्लंडसाठी लढतोय आणि इंग्लंडमध्ये जन्मलेली पोरं भारतासाठी ओरडताहेत. गंमत वाटते, पण ब्रिटनमध्ये या गमतीवरून बरंच रामायण घडलेलं आहे.

त्याची सुरुवात १९९० सालची. नॉर्मन टेबिट हे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात राहिलेले, हुजूर पक्षाचं अध्यक्षपद भूषवलेले नेते. एका अमेरिकन वर्तमानपत्राला मुलाखत देताना ते म्हणाले की ब्रिटनमधले बरेचसे आशियाई लोक क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतात. सामना असला की ते कोणत्या संघासाठी टाळ्या वाजवतात ते पाहा, म्हणजे त्यांचं मन जिथे राहतात तिथे आहे की जिथून आले तिथे, ते कळेल. ही ‘टेबिट परीक्षा’ मग इंग्रजीत वाक्प्रचारासारखी रुळली. टेबिट २०२५ साली गेले, पण त्यांची परीक्षा आहे तिथेच आहे.

त्याच उन्हाळ्यात आपला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. लॉर्ड्सवर गूचच्या ३३३ धावा, फॉलोऑन टाळायला चोवीस धावा हव्या असताना कपिलने मारलेले ओळीने चार षटकार, आणि ओल्ड ट्रॅफर्डला सतरा वर्षांच्या सचिनचं पहिलं कसोटी शतक. आता मला सांगा, लेस्टरच्या किंवा साउथॉलच्या एखाद्या घरात वडील आणि मुलगा हे एकत्र बसून पाहताहेत. त्या मुलाने सचिनसाठी टाळ्या वाजवल्या तर त्यातून ब्रिटिश राज्याला नेमका कोणता धोका होता?

आमची ताई लग्न होऊन हॅरोला गेली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच शिकला. तो मुंबईला आला असताना मी त्याला सरळच विचारलं, की बाबा, तू कोणाच्या बाजूचा? तो म्हणाला, “मामा, क्रिकेटमध्ये इंडिया, फुटबॉलमध्ये इंग्लंड. त्यात काय?” मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाला, “शाळेत सगळे मला इंडियन म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. मग म्हटलं ठीक आहे, निदान सचिन तरी माझा.” टेबिट साहेबांच्या परीक्षेत हा प्रश्न नव्हता. टाळ्या कुणासाठी हे विचारण्याआधी त्या पोराला वर्गात कोणत्या बाकावर बसवलं होतं, हेही विचारायला हवं होतं.

खुद्द नासिर हुसेन मात्र या बाबतीत टेबिटांच्या जवळ गेला. २००१ साली तो म्हणाला की इथे जन्मलेली किंवा माझ्यासारखी लहानपणीच इथे आलेली मुलं इंग्लंडला पाठिंबा का देत नाहीत हे मला समजत नाही. त्यावर त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्याचा राग येत नाही. ज्याने त्या देशाच्या संघासाठी बोटं मोडून घेतली, त्याला स्वतःच्याच मैदानावर पाहुण्यासारखं वाटावं हे लागणारच. पण तो आत पोहोचला होता. बाहेर राहिलेल्यांची गोष्ट निराळी.

आणि आत पोहोचल्यावर तरी प्रश्न संपतो का? डेव्हन माल्कम हा जमेकात जन्मलेला वेगवान गोलंदाज. १९९४ मध्ये ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध फलंदाजी करताना त्याच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो चिडला आणि नंतर ५७ धावांत ९ बळी घेऊन त्याने सामना फिरवला. यापेक्षा जास्त इंग्लंडसाठी काय करायचं असतं? पण जेमतेम वर्षभरात, जुलै १९९५ मध्ये, ‘विस्डेन क्रिकेट मंथली’ या मासिकात एक लेख आला. परदेशातून आलेल्या किंवा तशा कुटुंबातल्या खेळाडूंना इंग्लंडसाठी जीव तोडून खेळण्याची ऊर्मी रक्तातून येईल का, अशी शंका त्यात होती. माल्कम आणि डॉमिनिकात जन्मलेला फिलिप डिफ्रेटस यांनी दावा ठोकला आणि नुकसानभरपाई मिळवली. म्हणजे टाळ्यांची परीक्षा निदान प्रेक्षकांची तरी होती. इथे मैदानावर घाम गाळणाऱ्याचं रक्त तपासायची वेळ आली.

यॉर्कशायरचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, आणि त्यात आपला मुंबईकर आहे. यॉर्कशायर काउंटीचा दंडक असा, की काउंटीच्या हद्दीत जन्मलेलाच तिच्याकडून खेळणार. हा नियम सैल झाला आणि १९९२ साली त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो सचिन तेंडुलकर. आपल्याला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड ही गावं यॉर्कशायरमध्येच आहेत. कापडगिरण्यांत काम करायला आलेल्या पाकिस्तानी आणि भारतीय कुटुंबांची मुलं तिथे जन्मलेली, म्हणजे जन्माच्या नियमात चोख बसणारी. दर रविवारी ती क्रिकेट खेळत होती, पण आपापल्या लीगमध्ये, वेगळ्या मैदानांवर. यॉर्कशायरमध्ये जन्मलेला पहिला आशियाई वंशाचा मुलगा काउंटीच्या मुख्य संघाकडून खेळला तो २००४ मध्ये, हडर्सफील्डचा अजमल शहजाद. दादरच्या शिवाजी पार्कवरून हेडिंग्लेला पोहोचायला जो रस्ता लागला तो हडर्सफील्डहून पोहोचण्यापेक्षा बारा वर्षांनी जवळचा निघाला.

पुढे अझीम रफीक आला. कराचीत जन्मलेला, दहा वर्षांचा असताना इंग्लंडला आलेला, यॉर्कशायरचं ट्वेन्टी-२० मध्ये नेतृत्व केलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ड्रेसिंग रूममधल्या वांशिक शेरेबाजीची हकिगत सांगितली तेव्हा त्याला रडू आवरेना. २०२३ मध्ये क्लबला दंड झाला, गुणही कापले गेले.

चित्र सगळं काळं आहे असं नाही. १ मार्च २००६ रोजी नागपूरला माँटी पनेसार पहिली कसोटी खेळला. ल्यूटनमध्ये जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा, डोक्याला पटका बांधणारा. इंग्लंडकडून खेळणारा तो पहिला शीख, आणि पहिला बळी कुणाचा, तर सचिनचा. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या मैदानांवर गोरे प्रेक्षक खोट्या दाढ्या लावून आणि पटके बांधून येऊ लागले. काहींना ती टिंगल वाटली. मला तो ओबडधोबड का होईना, लाडच वाटला. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये याच माँटीने वानखेडेवर अकरा बळी घेऊन आपल्याला हरवलं.

पण लाडाला अट असते. जर्मनीचा फुटबॉलपटू मेसुट ओझिल गेल्झेनकिर्शेनला जन्मलेला, तुर्की कामगारांच्या घरातला. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबरच्या छायाचित्रावरून वाद उठला, पाठोपाठ संघ विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झाला आणि ओझिलने जर्मनीकडून खेळणं थांबवलं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरून आलेला. २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय तरुणांच्या पेनल्टी हुकल्या आणि रात्रीतून त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. याउलट २०१९ चा क्रिकेट विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा कर्णधार मॉर्गन डब्लिनचा, स्टोक्स न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, आर्चर बार्बाडोसचा. आयरिश नशिबाने साथ दिली का, असं मॉर्गनला विचारलं तर तो म्हणाला की आदिल रशीद मला म्हणाला, अल्लाहही आपल्या बाजूला होता. तेव्हा कुणी कपाळाला आठी घातली नाही. विश्वचषक हातात होता ना!

आता जरा आपल्याकडे पाहू. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये एजबॅस्टनला भारत-इंग्लंड ट्वेन्टी-२० सामना झाला. मोईन अली बर्मिंगहॅमचाच, त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला. त्याची हुर्यो उडवली ती भारताच्या पाठीराख्यांनी. त्याचं घराणं मूळचं मीरपूरचं, एवढं कारण पुरलं. म्हणजे टेबिटांच्या परीक्षेत जो पहिल्या वर्गात पास, तो आपल्या लोकांच्या परीक्षेत नापास.

उलट सौरभ नेत्रावळकर पाहा. मुंबईत जन्मलेला, २०१० मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघाकडून विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळून अमेरिकेत शिकायला गेलेला संगणक अभियंता. जून २०२४ मध्ये त्याने डॅलसला सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कला अमेरिकेच्या गणवेशात कोहलीला शून्यावर आणि पाठोपाठ रोहित शर्मालाही बाद केलं. आपल्या घराघरांत काय झालं? ‘आपला मराठी मुलगा’ म्हणून कौतुक झालं. मीही केलं. अमेरिकेत बसलेला एखादा टेबिट हे पाहत असता तर त्याने काय नोंद केली असती?

त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडचा कसोटी संघ भारतात आला. संघातला शोएब बशीर सरे परगण्यात जन्मलेला, ब्रिटिश पारपत्र असलेला, घराणं मूळचं पाकिस्तानी. त्याचा व्हिसा अडकला. बाकीचा संघ अबू धाबीहून हैदराबादला पोहोचला आणि हा वीस वर्षांचा मुलगा शिक्का मिळवायला परत लंडनला गेला. पहिली कसोटी त्याच्याविना झाली. २ फेब्रुवारी २०२४ रोजी विशाखापट्टणमला तो पहिली कसोटी खेळायला उतरला आणि त्याने पहिला बळी रोहित शर्माचा घेतला.