ओलावा हवा, कोंदटपणा नको

कुत्रा, मांजर, पोपट पाळणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. पण जर्मनी, ब्रिटन, अमेरिका या देशांत काही हौशी मंडळी तळहाताएवढे केसाळ कोळी पाळतात. त्यांना टॅरँटुला म्हणतात. पेटीत माती घालायची, आडोशाला झाडाची साल ठेवायची आणि अधूनमधून एखादा रातकिडा द्यायचा. मादी असेल तर हा पाहुणा वीस-वीस वर्षेही सोबत करतो. या मंडळींची नेहमीची तक्रार म्हणजे पेटीत बुरशी येते. त्यावर 'पेटी खडखडीत वाळवा' असे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर कोळ्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

कोळ्याला पाय मुडपायला स्नायू असतात. पण पायांचे मोठे सांधे सरळ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसेच काहीसे. अंगातले पाणी घटले की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली आखडतात. दुसरी गोष्ट कात टाकण्याची. वाढीसाठी कोळी जुने कवच सोडतो, तेही बहुधा उताणा पडून, तासन् तास. त्या वेळी अंगात पाणी कमी असेल तर तो कवचातच अडकून मरू शकतो. तेव्हा ओलावा हा चैनीचा भाग नव्हे.

मग बुरशीचे काय? तिचे बीज हवेत सगळीकडे असते. ओल, उष्टे अन्न आणि कोंडलेली हवा मिळाली की ती फोफावते. गरम भाकऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर काय होते, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगावे लागत नाही. सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत पीसिलोथेरिया रेगॅलिस हा मोठा कोळी राहतो. तिथे बुरशी असतेच. पण वारा खेळतो आणि बुरशी खाणारे बारीक जीवही असतात. पेटीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

उपाय यातूनच निघतात. पेटीला समोरासमोरच्या दोन बाजूंना भोके हवीत; नुसत्या झाकणाला असून भागत नाही. रोज सगळीकडे पाणी फवारू नये. एका कोपऱ्यातून हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. कोळी आपली जागा आपणच निवडतो. पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली असावी; तिच्यात स्पंज घालू नये, तो घाण धरतो. खाऊन उरलेला किडा दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढावा. बुरशीचा ठिपका दिसला तर चमचाभर मातीसकट उचलून टाकावा. पेटीभर पसरली असेल तर माती बदलावी. बुरशीनाशक मात्र मुळीच मारू नये. दमट पेटीत स्प्रिंगटेल नावाचे पांढरे बारीक जीव सोडतात. ते बुरशी खातात आणि कोळ्याला त्रास देत नाहीत.

सगळ्यांना एकच माप लावू नये. चिलीतला ग्रामोस्टोला रोझिया कोरड्या मुलखातला. त्याला कोरडी माती आणि पाण्याची वाटी पुरते. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या वर्षावनातला थेराफोसा ब्लाँडी ओल्या मातीवाचून टिकत नाही. तेव्हा आधी कोळ्याचे मूळ गाव विचारावे, मग पाण्याला हात घालावा. भिंतीवरचा आर्द्रतामापक हवेची ओल सांगतो, मातीची नाही; त्यासाठी बोट खुपसून पाहावे.

हे ऐकून आपल्या रानातला एखादा कोळी घरी आणावा असे कुणाला वाटेल, तर तसे करू नका. पीसिलोथेरिया वंशातले सगळे कोळी 2019 साली वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले. पाळण्यासाठी होणारी पकड हे त्याचे एक कारण होते. आंध्र प्रदेशातला निळाशार पीसिलोथेरिया मेटॅलिका तर नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. आपल्या पावसाळी रानात ओल, वारा आणि साफसफाई यांचा मेळ बसलेलाच आहे. तिथल्या कोळ्याला माणसाच्या पेटीची गरज नाही.